रोही गेला, टाच राहिली

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात माझी साडेचार एकर शेती आहे. पऱ्हाटीत तूर आहे, बाजूच्या तुकड्यात हरभरा. रोही (म्हणजे नीलगाय) आणि रानडुकरांपायी रोज रात्री जागलीला जावं लागते. धुऱ्याजवळ बाभळीच्या खांबांवर मचाण बांधलं आहे, जमिनीपासून बरोबर १० फूट. कळप आला की मी बॅटरी घेऊन सरळ उडी मारतो आणि मागं धावतो. तीन आठवड्यांपूर्वी अशीच उडी मारली, तेव्हापासून डावी टाच दुखते. सकाळी उठल्यावर पाय टेकवत नाही. घरची म्हणते, "कायले उड्या मारता, शिडी नाही का?" पण शिडीनं उतरेपर्यंत रोही अर्धं वावर तुडवून जाते. माझा ११ वर्षांचा पोरगा मोबाईलवर उड्यांचे व्हिडिओ पाहते आणि घरातल्या कापसाच्या ढिगावर माळ्यावरून उड्या घेते. माय म्हणते, "लेकराची हाडं कवळी रायतात, त्याले काई होत नाही." माझे प्रश्न असे : पडताना पाय ताठ ठेवावे की वाकवावे? चवड्यावर पडावं की टाचेवर? पोराला थांबवू की नीट शिकवू? आणि एक मित्र म्हणतो, मचाण मोडून खाली आलंच तर जमिनीला टेकायच्या ऐन आधी वर उडी मारायची, म्हणजे लागत नाही. खरं आहे का?

— एक जागलीवाला

उत्तर

भाऊ, उडीचं मागून बोलू. आधी टाच.

उंचावरून टाचेवर आदळून तीन आठवडे झाले, तरी सकाळी पाय टेकवत नाही, म्हणजे एक्स-रे काढायलाच हवा. टाचेचं हाड वरून पातळ कवच आणि आतून जाळीदार असतं, वाळलेल्या दोडक्यासारखं. ते काडीसारखं कट्‌कन मोडेलच असं नाही, दाबून चेपतंही. चेपलेल्या टाचेवर माणूस लंगडत का होईना चालू शकतो, म्हणून "चालता येते, म्हणजे मोडलं नाही" हा आपल्याकडचा हिशेब इथे चुकतो. डॉक्टरांकडे गेलात की "पाय दुखतो" एवढंच सांगू नका. "१० फुटांवरून उडी मारली" हे सांगा. कारण टाचेला बसलेला दणका नडगी, मांडी, कंबर असा वर चढत मणक्यापर्यंत जातो. उंचावरून पडून टाच मोडलेल्या माणसाची कंबरही तपासावी लागते. कंबर दुखत असेल तर ते आपणहून बोला. पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर वाटत असेल किंवा लघवीला त्रास होत असेल, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. आणि एक्स-रे निघेपर्यंत कोणाकडूनही पाय ओढून, चोळून घेऊ नका. माझ्या सख्ख्या चुलत्याचा घोटा एका हाडवैद्यानं असाच "बसवून" दिला होता. पुढची वीस वर्षं त्यांनी बैलाच्या मागे तिरकं चालत काढली.

आता उडी. तुमच्या घरावर कवेलू असतील किंवा कधीकाळी असायचे. उन्हाळ्यात कवेलू फेरताना वरचा माणूस जुने कवेलू खाली सोडतो आणि खालचा झेलतो. जो सरावाचा असतो तो कवेलू हातात येताच हात तसेच खाली, पार मांडीपर्यंत घेऊन जातो. नवखा पोरगा हात ताठ धरतो. त्याच्या हातात एक तर कवेलूचे दोन तुकडे उरतात, नाही तर बोटं चेचतात. कवेलू तोच, उंची तीच. फरक इतकाच, की एकानं त्याला थांबायला दोन फूट जागा दिली आणि दुसऱ्यानं दोन इंच. उडीतही नेमकं हेच होतं, फक्त कवेलूच्या जागी आपण असतो.

हिशेब मांडतो, कागद-पेन लागणार नाही. १० फूट म्हणजे १२० इंच. जमिनीला पाय लागल्यावर तुमची कंबर आणखी किती इंच खाली जाऊन थांबते, ते मोजायचं. १२० ला त्या इंचांनी भागायचं आणि एक मिळवायचा. येईल तितक्या पट वजन थांबताना सरासरीनं अंगावर येतं. गुडघे वाकवून २० इंच खाली बसलात तर १२० भागिले २० म्हणजे ६, अधिक १, म्हणजे ७ पट. तुमचं वजन ६० किलो धरलं तर ४२० किलो, म्हणजे चार क्विंटलच्या वर. दोन पायांत वाटून हे जेमतेम सोसतं. आता पाय ताठ ठेवा. चपलेचं रबर, टाचेखालची गादी आणि थोडी दबलेली माती, सगळं मिळून दोन इंच धरू. १२० भागिले २ म्हणजे ६०, अधिक १. एकसष्ट पट. छत्तीस क्विंटल! बैलबंडीतसुद्धा तुम्ही एवढा कापूस भरणार नाही. अर्थात इतका भार चढेपर्यंत शरीर थांबतच नाही, त्याआधी काहीतरी मोडतं. हाड चेपलं की दोन इंचांचे अडीच-तीन इंच होतात. जी जागा तुम्ही गुडघ्यानं दिली नाही, ती टाचेनं दिली.

हा ढोबळ हिशेब आहे. दणका एकसारखा बसत नाही, सुरुवातीच्या क्षणी सरासरीच्या बराच वर जातो. पण वाकवावे की ताठ, या प्रश्नाचं उत्तर त्यात आलं. चवडा की टाच, याचंही आलं. चवडा आधी टेकला तर घोटा आणि पोटरी ही पहिली स्प्रिंग कामाला लागते, तेवढे चार इंच फुकटचे मिळतात. मग टाच हळूच टेकते, मग गुडघे, मग कंबर. टाच आधी टेकली की पहिली स्प्रिंग बादच झाली.

तुम्ही म्हणाल, सर, गुडघे तर मी दर वेळेस वाकवतो. वाकवत असाल. पण तुम्ही उडी रात्री मारता, आणि सगळी गोम तिथंच आहे.

१० फुटांवरून खाली यायला पाऊण सेकंदाच्या थोडा वर वेळ लागतो. टेकताना वेग ताशी जवळजवळ २८ किलोमीटर असतो. आणि चांगले गुडघे वाकवून थांबलात तरी थांबण्याचा सगळा प्रकार सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागात उरकतो. माणसाला काही जाणवून मुद्दाम हालचाल करायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे "जमीन लागली, आता वाकवू" असं करायला वेळच नसतो. उजेडात डोळे जमीन येताना पाहतात आणि पाय टेकण्याच्या आधीच मांडी-पोटरीचे स्नायू योग्य तेवढे ताणून तयार होतात. आपल्याला ते कळतही नाही. अंधारात ही तयारी एक तर लवकर होते, नाही तर उशिरा. ओट्यावरून रात्री उतरताना कधी एक पायरी जास्तीची निघाली आहे? सहा इंचांची ती चूक दातांपर्यंत कळते. तुम्ही तर १० फुटांवरून, झोपेतून उठून, एका हातात बॅटरी घेऊन, नजर रोहीवर ठेवून उडी घेता. डावा पाय ढेकळावर आधी टेकला असेल आणि सात पट वजन एकट्या त्या टाचेनं घेतलं असेल.

शिवाय आपली काळी माती रोज वेगळी असते. पावसाळ्यात ती पाय आत घेते, थांबायला जागाही देते, पण पाय धरून ठेवते आणि घोटा मुरगळतो. दिवाळीनंतर ढेकळं. फाल्गुन-चैत्रात भेगा, त्यात अर्धा पाय जातो. कोणत्या महिन्यात कुठे उतरायचं, याचा भरवसा अंधारात कोण देणार? आणि धुऱ्यावर झटका मशीनची, म्हणजे जनावरांना विजेचा झटका देणारी, तार असेल तर तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

छत्रीसैनिकांचं उदाहरण देतो. आपल्या सैन्याची पॅराशूटची शाळा आग्र्याला आहे. जुन्या पद्धतीच्या गोल लष्करी छत्रीखाली जवान जमिनीवर येतो तो सेकंदाला साधारण २२ फूट वेगानं. म्हणजे साडेसात फुटांवरून उडी मारावी तेवढ्या. तुमच्या मचाणापेक्षा अडीच फूट कमी! आणि तेवढ्यासाठी त्यांना पडायचं कसं, हे आधी जमिनीवर घोटून घोटून शिकवतात. ते उभं राहायचा प्रयत्नच करत नाहीत. दोन्ही पाय जोडलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला, कोपरं अंगाशी. चवडे टेकले की अंग एका बाजूला सोडून देतात : आधी पोटरीची बाजू, मग मांडी, मग कुल्ला, मग पाठीची कड. पाय जोडून ठेवायचे ते एकट्या पायावर सगळं येऊ नये म्हणून. बाजूवर लोळायचं ते थांबायचं अंतर वाढावं आणि दणका हाडाऐवजी मांसल भागांत वाटला जावा म्हणून. पडताना हात पुढे टेकवायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात मनगट जातं.

उभं राहूनच थांबायचं असेल, म्हणजे पाच-सहा फुटांच्या आतली उडी असेल, तर पाय खांद्याएवढे फाकवलेले हवेत आणि गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं वाकायला हवेत, एकमेकांकडे आत वळता कामा नयेत. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आठवीत असताना शाळेमागच्या चिंचेवरून उडी मारली, कोणीतरी "गुडघे वाकव" म्हणून ओरडलं, आणि मी दोन्ही गुडघे जुळवून इतके वाकवले की माझाच गुडघा माझ्याच हनुवटीवर आला. जीभ दातांत सापडली. चिंचा शर्टात तशाच होत्या. खालची खूण अजून दाढी करताना ब्लेडला लागते.

आता तुमच्यासाठी खरं कामाचं. मचाण १० फुटांवर आहे म्हणून उडी १० फुटांचीच असली पाहिजे असं नाही. मचाणाच्या कडेला पाठमोरे व्हा, पोटावर झोपून पाय खाली सोडा, कडेची बल्ली दोन्ही हातांनी धरून पूर्ण लोंबकळा. तुमच्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसाचा हात वर केल्यावर मुठीपासून तळव्यापर्यंत पावणेसात फूट भरतो. म्हणजे तळवे जमिनीपासून उरले सव्वातीन फूट. पायानं खांबाला हलकं लोटून हात सोडा. आता हिशेब करा : ३९ इंच भागिले २०, अधिक १. तीन पट! सात पटांवरून तीन पटांवर आलात आणि वेग २८ वरून १६ वर. चार-पाच सेकंद जास्त लागतील, त्यात रोही तुमचा किती हरभरा खाईल? बल्लीला खिळा वर आलेला नाही आणि बाभळीचा काटा राहिलेला नाही, हे मात्र दिवसा हात फिरवून पाहून ठेवा. खालच्या चार हात जागेतली ढेकळं फोडून, थोडं कुटार पसरून ठेवा. तिथं वखर, डवरा, दगड काही नको. बॅटरी गळ्यात अडकवा, काठी आधी खाली टाका, आणि ती उतरायच्या जागेपासून लांब टाका, पायाखाली नको.

एवढं सांगूनही मी घरच्यांच्या बाजूचा आहे. शिडी बांधा. आणि खाली उतरायची घाई तरी कशाला? वरून बॅटरीचा झोत आणि तेलाच्या रिकाम्या पिप्यावर चार दणके, एवढ्यानं रोही हलतो. डुक्कर असेल तर अंधारात त्याच्या समोर लंगडत उतरणं मला मुळीच पटत नाही. टाच बरी होईपर्यंत तर लोंबकळणंही नको.

पोराचं. मायचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लहान मुलांची हाडं ओल्या फांदीसारखी असतात, वाकून एका बाजूनं चिरतात, पटकन दोन तुकडे होत नाहीत. पण "हलकं आहे, म्हणून त्याला लागत नाही" हे खरं नाही, आणि त्यातली गंमत सांगण्यासारखी आहे. तुमच्या निम्म्या मापाचं पोर घ्या. निम्मी उंची, निम्मी रुंदी, निम्मी जाडी, म्हणजे वजन आठवा हिस्सा. हाडाचा आडवा छेद चौथा हिस्सा. इथपर्यंत पोराचा फायदाच दिसतो, हाडाला निम्माच ताण. पण त्याचे पायही निम्मेच लांब! तुम्ही २० इंच वाकाल तिथे ते १० इंच वाकेल, म्हणजे दणका दुप्पट पटीचा. निम्मा फायदा, दुप्पट तोटा, बरोबरी झाली. त्याच उंचीवरून पडलं तर हाडावरचा ताण जवळपास तुमच्याइतकाच. कडुनिंबावरून पडलेली खार उठून पळते, ती हवेमुळे. तिच्या हलक्या, पसरलेल्या अंगाला हवाच इतकी अडवते की फार वेग येतच नाही. ११ वर्षांचं पोरगं काही खार नाही.

आणि वाढत्या वयात हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते, हाड तिथूनच लांब होतं. ती दुखावली तर पाय वाकडा किंवा आखूड वाढू शकतो. म्हणून पडल्यावर सांध्याजवळ सूज आली, पोरगं पाय टेकवत नाही, तर "मुरगळलं असेल" म्हणून हळद-चुन्यावर भागवू नका.

कापसाचा ढीग वाईट नाही. मोकळा, फुगलेला तीन फुटांचा ढीग असला तर दोन फूट तरी थांबायला जागा देतो. पण ती पहिल्या उडीला. दहाव्या उडीपर्यंत तोच कापूस तुडवून गादीचा फळा होतो, वरून मात्र तसाच पांढरा शुभ्र दिसतो. ढिगाच्या कडेला तर खाली सरळ फरशीच. डोक्यावर पडलं तर मान जाते, तोंडावर पडून आत रुतलं आणि वरून दुसऱ्यानं उडी मारली तर श्वास कोंडतो. व्यापारी त्या तुडवलेल्या, धूळ भरलेल्या कापसाचा भाव किती पाडेल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. हे शेवटचं कारण घरात जास्त चालेल.

थांबवू की शिकवू? माळ्यावरून थांबवा आणि ओट्यावरून शिकवा. दीड-दोन फुटांवरून, अनवाणी, मऊ मातीत. एकच परीक्षा ठेवा : टेकताना आवाज येता कामा नये. धप्प झालं की उडी बाद. आवाज न करता उतरायचं म्हटलं की घोटा, गुडघा, कंबर ओळीनं आपोआप वाकायला लागतात, समजावून सांगावं लागत नाही. व्हिडिओतली पोरं टेकल्यावर पुढे कोलांटी घेतात ना, ती धावत येऊन मारलेल्या उडीला कामाची. पुढचा वेग असतो म्हणून अंग गोल फिरतं, एका खांद्यावरून तिरकं दुसऱ्या बाजूच्या कमरेवर. सरळ खाली पडणाऱ्यानं ती नक्कल केली तर डोकं आणि मान मध्ये येतात. पोराला खरंच हौस असेल तर मल्लखांब शिकवणारी व्यायामशाळा शोधा. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, तिथं शिकून गेलेले शिक्षक आपल्या भागात भेटतात. मल्लखांबावर पोरगं चढायला नंतर शिकतं, उतरायला आधी.

राहिला तुमचा मित्र. मचाण मोडून तुमच्यासकट खाली येतंय असं धरू. तुम्ही ठणठणीत जमिनीवरून पूर्ण जोर लावून उडी मारली तर फूटभर उडाल, म्हणजे वर जायचा वेग ताशी ९ किलोमीटरच्या आत. २८ मधून ९ गेले, उरले १९. तेही क्षण अचूक साधला तर, अंधारात, पाऊण सेकंदात, झोपेतून उठून. आणि पायाखाली जमीन नसते, सोबत पडणारी हलकी फळी असते. तिला लाथ माराल तर तीच खाली जाईल, तुम्ही फारसे वर येणार नाही. त्यापेक्षा ज्या दोरीनं बल्ल्या बांधल्या आहेत ती उद्या उजेडात पाहा. दोन पावसाळे खाल्लेलं सुंभ असेल तर काढून तार आवळा.